मैत्रिणींना सुतक नसतं

माझी लेक गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. देवगाव रंगारीच्या शाळेत शिकवायची. तिथंच दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर खोली करून राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की बसनं शहरात, आमच्या गारखेड्याच्या घरी यायची. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिला डेंग्यू झाला. चार दिवस तिनं तिकडंच ताप अंगावर काढला. पाचव्या दिवशी जीपमध्ये घालून तिला शहरात आणलं आणि सातव्या दिवशी सकाळी ती गेली.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. ज्या दिवशी त्यांना घरी सोडलं, त्याच दिवशी तिला दवाखान्यात ठेवलं. त्यामुळं लेकीला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा बाप दारात खुर्चीवर बसून होता. छातीवर टाके होते, डॉक्टरांनी पाण्याची कळशीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलेलं. ते बसूनच राहिले. तिला नेलं त्या दिशेला हात पुढं करून बसले आणि तो हात बराच वेळ त्यांना खाली घेता आला नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. माहेरची खुलताबादच्या घाटाखालची माणसं, सासरची, भाऊबंद, यांच्या कचेरीतले लोक. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकाबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी दोन मुली उभ्या होत्या. एक तिच्या खोलीतली शिक्षिका, बीडकडची. दुसरी औरंगपुऱ्यात साड्यांना फॉल-पिको करून देणारी, लेकीची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती. तरी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

माझी नणंद बाहेर गेली. तिचं बोलणं मला आत ऐकू आलं.

"तुम्ही कुणाच्या गं?"

"मैत्रिणी," एकीनं सांगितलं.

"बरं, बरं. जेवून जा हं."

त्या जेवल्या नाहीत. आत आल्या, माझ्या पायाशी बसल्या. खोलीतलीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, मी उद्यापासून शाळेत जाते. रजा नाय मिळत. रक्ताचं नातं लागतं म्हणे."

मी नुसती मान हलवली. तेव्हा मला माझ्यापलीकडं काही दिसत नव्हतं. पण पुढं कित्येक दिवस ते वाक्य मला आठवत राहिलं. आम्हाला सुतक होतं. दहा दिवस घरात गोडधोड नाही, देवपूजा नाही, लोक येऊन बसणार, आम्ही रडलो तर कुणी हटकणार नाही. आमच्या दुःखाला जागा करून ठेवलेली होती. ज्या पोरी तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलत होत्या, त्यांना काहीच नव्हतं. मैत्रिणींना सुतक नसतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायची, फॉल लावायचे, घरी गेल्यावर विचारलं तर बरी आहे म्हणायचं.

तिचं खोलीतलं सामान जीपवाल्यानं एका मोठ्या बॅगेत आणून टाकलं. बॅग आठवडाभर पडवीत पडून होती. नणंद जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, कपडे घरात ठेवू नका. गोरगरिबाला देऊन टाका. आत्मा अडकतो."

मी व्हय म्हणाले. ती गेल्यावर बॅग आत आणली आणि लेकीच्या कपाटात सारून कपाटाला कुलूप घातलं.

दीड महिना गेला. थंडी पडायला लागली होती. एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. पाहते तर कडेवर चार-पाच महिन्यांचं मूल, हातात फडक्यात बांधलेला डबा घेतलेली एक पोरगी. मी लगेच ओळखली. लेकीच्या वर्गातली होती, डी.एड.ला दोघी बरोबर. हिचं घराणं मेंढपाळाचं. परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली, पण नोकरी लागली नाही, लग्न झालं आणि सासरच्यांबरोबर मेंढरांमागं फिरायला लागली. माझ्या लेकीला नोकरी लागल्यापासून ती तिला चिडवायला मॅडम म्हणायची.

"काकू, मॅडम हाय का घरी? आज रविवार, म्हणून आले. आमचा मेंढरांचा वाडा हितं जवळच बसलाय, एका शेतात. फोन तर लागतच नाय तिचा."

मी फाटकाची कडी काढली. मग म्हटलं, "ती नाही गं."

"बाजारात गेली व्हय? थांबते मी. बाजरीच्या भाकरी आणल्यात, तीळ लावून. तिला लई आवडत्यात."

मला ते दुसऱ्यांदा, नीट शब्द लावून सांगावं लागलं. दीड महिन्यात मला कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. सगळ्यांना माहीतच होतं. माझ्या तोंडानं ते पहिल्यांदा मी त्या पोरीला सांगितलं.

ती उंबऱ्यावरच बसली. रडली नाही. मांडीवरच्या पोराला थोपटत राहिली, पोर झोपलेलं असूनही. मग म्हणाली, "आन मी रोज तिला शिव्या देत व्हते. फोन उचलत नाय, मॅडम झाली, विसरली म्हनून."

तेवढं बोलली आणि मग जे रडली ते मला बघवेना. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. माझ्या नवऱ्यानं आतून येऊन झोपलेलं मूल उचललं आणि खांद्यावर घेतलं. वजन उचलू नका म्हणायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

दुपार व्हायला आली तेव्हा ती उठली. जाताना घुटमळली.

"काकू, एक मागू का? तिची एखादी वापरातली ओढणी द्या. लेकराला दुपटं शिवीन. तिच्या अंगावरलं लेकराच्या अंगाला लागंल."

मी म्हटलं, "मी शिवून देते. चार दिवसांनी ये."

"चार दिवसांनी आमी पैठणकडं असू."

"मग आज थांब."

कपाटाचं कुलूप काढलं. बॅग उघडली. खोबरेल तेलाचा, खडूचा आणि तिच्या अंगाचा वास बाहेर आला. मी पलंगावर बसले. एक पिवळी सुती साडी वरच होती, शाळेत नेसायची. काठाला लाल शाईचा डाग. पेपर तपासताना पडलेला असणार. मी कात्री घेतली, कापडाला लावली, पण बोटं मिटेनात. तीनदा लावली आणि तीनदा काढली.

"द्या हिकडं," ती पोरगी म्हणाली. तिनं साडी दोन्ही हातांत घेतली, एकदा तोंडावर दाबून धरली आणि मग सरळ कापत गेली. कात्रीचा तो चरचर आवाज ऐकताना मला वाटलं, आता खरंच गेली.

शिवण मला माझ्या आईनं शिकवलेलं. जुन्या लुगड्याचं अस्तर खाली पसरायचं, चारी कोपऱ्यांना वजन ठेवून ताणायचं, त्यावर जुन्या कापडांचे थर सुरकुती न पडू देता अंथरायचे, वरून चांगलं कापड घालायचं आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत मध्यापर्यंत यायचं. मोठी गोधडी दोन महिने खाते. लेकराचं दुपटं दोघींनी मिळून बसलं तर एका दिवसात होतं. आम्ही समोरासमोर बसून दोन कडांनी टाके घालत आलो. बोलणं कमीच झालं. मध्येच ती म्हणायची, "ही ओढणी तिनं माझ्या लग्नात घातलेली," आणि मी तो तुकडा वरच्या बाजूला घ्यायची. भाकरी आम्ही तिघांनी खाल्ल्या. उन्हं उतरायच्या आत दुपटं झालं. तिनं पोराला त्यात गुंडाळलं आणि फाटकाबाहेर गेली. वळून म्हणाली, "येते काकू." पुढं ती कधी कुठं असेल याचा तिलाही पत्ता नव्हता, तरी येते म्हणाली.

त्या रात्री मला दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली. सकाळी उठून मी नवऱ्याला सांगितलं, "त्या दोघींनाही करते."

 अंघोळ झाल्यावर ते पिशवी घेऊन निघाले आणि औरंगपुऱ्यातून पांढऱ्या दोऱ्याची मोठी रिळं आणि सुया घेऊन आले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच एकटे बाहेर गेले होते.

फॉल-पिकोवालीची गोधडी मी आधी घेतली. तिच्यासाठी शाळेपासूनच्या वस्तू शोधल्या. कॉलेजातले दोन ड्रेस, एका ईदला त्या पोरीनंच शिवून दिलेला हिरवा कुर्ता, राष्ट्रीय सणाला घालायचा पांढरा ड्रेस. महिनाभरानं रिक्षा करून मी तिच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे गल्लीतला एक ओटा, दोन मशिनी, भिंतीवर रंगारंगाच्या रिळांची रांग. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी गोधडी तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं आधी टाके बघितले. सवयच ती. "काकू, हे सगळं हातानं? मेरेकू दिलं असतं तर मशीनवर दोन तासात झालं असतं. कायकू इतना तकलीफ?"

"हातानंच करायचं होतं."

मग तिचं लक्ष हिरव्या कुर्त्याच्या तुकड्यावर गेलं. ती पटकन मशीनकडं तोंड करून बसली आणि एका साडीचा फॉल लावायला लागली. पायडल चालू, कापड पुढं सरकतंय. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की सुईत दोराच नाही. मी उठून मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"किसीने पूछाच नहीं मेरेकू," ती म्हणाली. "घरी अम्मी म्हणते, जाऊ दे आता, अल्लाकी मर्जी, चल खाना खा. दुकानात बाया येतात, फॉल कब होगा विचारतात. काकू, आम्ही पहिलीत एका बाकावर बसलो, तेव्हापासून मला काही झालं की तिलाच सांगायची सवय. आता हे कुणाला सांगू?"

मी म्हटलं, "मला सांग."

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी तिच्या दुकानात जाऊन बसायला लागले. फॉलचे धागे तोडून द्यायची. माझी लेक सुट्टीत तिथं बसून हेच करायची, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

आता खोलीतल्या मैत्रिणीची गोधडी. ती मी सर्वांत मोठी करायला घेतली. देवगावची खोली उघड्यावर होती, थंडी फार लागते म्हणून लेक सांगायची. बॅगेतले उरलेले सगळे कपडे मी तिच्यासाठीच राखून ठेवले होते, कारण तेच दोघींनी एका दोरीवर वाळत घातलेले. मार्गशीर्षात घेतलेली गोधडी माघ संपत आला तेव्हा पुरी झाली. मी तिला फोन करून रविवारी बोलावून घेतलं.

ती आली. वाळली होती. चहा घेतला. मी गोधडी पुढं ठेवली, कशाची आहे ते सांगितलं. तिनं तिला हातही लावला नाही. घडीकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "मला नको काकू."

मला वाटलं, मेलेल्याच्या कपड्यांचं तिलाही काही वाटत असेल. मी म्हटलं, "अगं, स्वच्छ धुतलेत, ऊन दाखवलंय."

"तसं नाय काकू. मी घ्यायच्या लायकीची नाय." ती खाली बघूनच बोलत होती. "पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं ताप आहे ते. मी म्हटलं, घरी फोन करू. ती म्हणाली, बाबांचं ऑपरेशन झालंय, आई एकटी धावपळ करतीय, तिला सांगितलंस तर आपली दोस्ती संपली. मी तिथल्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी मी फोन हातात घेतला होता. तुमचा नंबरसुद्धा काढला होता. नाय केला."

दवाखान्यात डॉक्टर मला एवढंच म्हणाले होते की दोन दिवस आधी आणायला हवं होतं. ते वाक्य चार महिने माझ्या पोटात दगडासारखं पडून होतं. ते कुणावर टाकायचं हे मला कळत नव्हतं. आता समोर माणूस होतं.

"चार दिवस?" मी म्हटलं. "चार दिवस तू माझ्या लेकीला तापानं फणफणताना बघत बसलीस?"

"काकू..."

"तुझी आई असती तर केला असतास फोन. दुसऱ्याची लेक होती ती."

ती उठली. मी गोधडी उचलून छातीशी धरली, जणू काही ती ओढूनच नेणार होती. "जा तू," मी म्हटलं. "आणि परत या घरात येऊ नको."

ती गेली. चपला घालताना तिचा तोल गेला, तिनं दाराची चौकट धरली. मी बघत राहिले, पुढं झाले नाही. पुष्कळ वर्षं झाली, पण आपण काय काय केलं ते आठवताना मला ते चौकट धरलेले हात आधी आठवतात.

पुढचे दहा-बारा दिवस मी स्वयंपाक केला, जेवले, पण डोक्यात एकच चाललेलं. चार दिवस. एका दुपारी गोधडी अंगणात काढली, ब्लेड घेतलं आणि टाके उसवायला बसले. दोन महिन्यांचे टाके. धाग्यांचा पुंजका मांडीवर साठत गेला. एक सबंध कड उसवून झाली तेव्हा नवरा बाहेर आले.

"काय करतीस?"

"तिला द्यायची नाही मला ही."

ते समोरच्या पायरीवर बसले. छातीवर हात ठेवून बसायची त्यांना तेव्हापासूनच सवय लागलेली. मग म्हणाले, "मलाही माहीत होतं."

मी ब्लेड खाली ठेवलं.

"तापाच्या तिसऱ्या दिवशी आपल्या पोरीचा फोन आला होता. तू दवाखान्यात खाली औषधं आणायला गेली होतीस. आवाज बसलेला. मी विचारलं तर म्हणाली, थोडा ताप आहे, उतरतोय. मीच म्हटलं, आईला आत्ता काही सांगू नको, तिला आधीच लई झालंय. गोळी घे आणि झोप. असं मी म्हटलं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"कसं सांगायचं ते सांग मला."

मी त्यांच्याकडं बघितलं. साठीचा माणूस, चार महिन्यांत ऐंशीचा दिसत होता. त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मला माझाच आवाज आठवला. ती जायच्या आधीच्या शुक्रवारी तिनं मला फोनवर विचारलं होतं, "आई, उद्या येऊ का?" आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून, एका हातात रिपोर्टांची पिशवी धरून म्हटलं होतं, "नको गं, इथं मी बघते. तू तुझे पेपर तपास. उगी दगदग नको करूस." तेव्हा तिला ताप आलेला होता का? बहुतेक आलेलाच असणार. म्हणूनच ती विचारत असणार. ती आजारी आहे हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण येऊ नको असं तिला म्हणणारी मीच होते, हेही खरंच.

हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. पुढं खूप दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो, मध्ये ती उसवलेली गोधडी. मग त्यांनी वाकून दोऱ्याचं रीळ उचललं आणि सुई डोळ्यांजवळ धरून दोरा ओवायला लागले. त्यांना दिसत नव्हतं, दोरा दोनदा हुकला. मी सुई त्यांच्या हातातून घेतली.

कड पुन्हा शिवायला आठ दिवस लागले. तो भाग वेगळा कळतो. तिथले टाके लांब आणि वाकडे आहेत, कारण माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

मग मी एकटीच बसनं देवगावला गेले. लेक तिथं तीन वर्षं होती, पण मी तिच्या खोलीवर एकदाच गेले होते, सामान लावून द्यायला. घरमालकीणबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "मॅडम शाळेत हायत, यतील आता. बसा." खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दोन लोखंडी पलंग. एकावर अंथरूण, दुसऱ्यावर काही नाही, नुसती पट्ट्यांची जाळी. त्या रिकाम्या पलंगाशेजारी राहून ती पोरगी रोज शाळेत जात होती.

ती आली आणि मला बघून दारातच थांबली. आत यावं की नाही हे तिला कळेना, स्वतःच्याच खोलीत.

"ये," मी म्हटलं. "बस."

ती बसली. मी तिथं जायच्या आधी पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं. चुकलं, माफ कर, असं. त्यातलं काही आठवेना. मी गोधडी उलगडून रिकाम्या पलंगावर पसरली. ती हळूच पुढं झाली. एका निळ्या फुलांच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"काकू, हा माझा ड्रेस आहे."

"काय?"

"हा तिचा नाय. माझा. ती घालायची कधी कधी. बॅगेत चुकून आला असंल. मी शोधत होते."

मी तिचा चांगला ड्रेस कापून टाकला होता. आम्हा दोघींनाही एकदमच हसू फुटलं. ते हसू लगेच रडण्यात गेलं. आम्ही त्या पलंगावर बसून, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. घरमालकीणबाई दारात येऊन बघून गेल्या.

थोडं शांत झाल्यावर मी म्हटलं, "मला ते चार दिवस सांग. सगळं सांग. काही गाळू नको. माझ्याकडं ते दिवस नाहीत, तुझ्याकडंच आहेत."

तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी मुगाची खिचडी केली, दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा भिंतीला उशी लावून ती पेपर तपासत बसली. चौथीतल्या एका पोरानं, पाणी कोठून येते, या प्रश्नाला उत्तर लिहिलं होतं, टँकरमधून. ती इतकी हसली की खोकला लागला. पूर्ण मार्क दिले, म्हणाली, बरोबरच आहे त्याचं. तिसऱ्या दिवशी अंग दुखत होतं, पाय दाबून दिले. नको नको म्हणाली, मग झोपली. चौथ्या दिवशी संध्याकाळी उठून बसली आणि म्हणाली, माझे केस विंचरून दे. मैत्रीण म्हणाली, आता कशाला, पडून राहा. तर म्हणाली, "उद्या सकाळच्या बसनं घरी जाते. आई बघेल तर म्हणेल, काय अवतार करून घेतलास."

"मग मी वेणी घातली," ती पोरगी म्हणाली. "सैल घातली, डोकं दुखत होतं म्हणून."

ती वेणी मी पाहिली होती. दवाखान्यात पलंगावर तिच्या खांद्यावरून पुढं घेतलेली. मला वाटलं होतं, नर्सनं घातली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवेना, तेव्हा हिनं गल्लीत ओरडून जीप बोलावली, हिनं आणि जीपवाल्यानं उचलून तिला आत ठेवलं, सबंध रस्ता तिचं डोकं हिच्या मांडीवर होतं. कसाबखेड्यापर्यंत ती मधून मधून बोलत होती. त्यानंतर बोलली नाही. शेवटचं काय बोलली, ते मी विचारलं. "खिडकी लाव म्हणाली," ती म्हणाली. "वारं लागत होतं."

शेवटची बस साडेपाचची होती. तिनं मला बसमध्ये बसवून दिलं आणि बस हलेपर्यंत खाली उभी राहिली.

याला आता बरीच वर्षं झाली. मेंढरांमागं फिरणारी दर एक-दोन वर्षांनी अचानक फाटकाशी उभी राहते. ते दुपटं तिच्या दोन्ही पोरांनी वापरून वापरून विरून गेलं. तिनं मला ते सांगितलं तेव्हा तिला वाटलं मला वाईट वाटेल. वाटलं नाही. फॉल-पिकोवालीचं लग्न झालं, ती आता भडकल गेटाकडं राहते. दुकान चालू आहे. माझे गुडघे जात नाहीत, म्हणून आता तीच येते. नवरा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तिघीही आल्या होत्या. नणंदेनं कुणाला काही विचारलं नाही, सरळ आत आणून माझ्याजवळ बसवलं.

खोलीतलीची बदली झाली, ती आता बीडकडं असते. तिला एक मुलगी आहे. दर रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन येतो. ती मला काकूच म्हणते. आम्ही भाजीचं, गुडघ्यांचं, तिच्या शाळेचं बोलतो.

खरं सांगायचं तर तो राग गेलेला नाही. मी तिला माफ केलं, असं लोकांना वाटतं, तिलाही वाटतं. काही रविवारी फोन वाजतो आणि मला एकदम तो नंबर काढून हातात धरलेला आणि न लावलेला फोन आठवतो, आणि मी उचलत नाही. तो वाजत वाजत बंद होतो. मी स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी निवडत बसते. मग वाटतं, पलीकडं ती फोन हातात धरून बसली असेल, तिलाही तेच आठवत असेल. संध्याकाळपर्यंत मला ते सहन होत नाही. दिवा लावून झाला की मीच तिला लावते. पहिल्याच रिंगला ती उचलते.

"झोपले होते गं," मी म्हणते.

"बरं काकू," ती म्हणते. "जेवलात का?"